नको असलेल्या गाण्यांचा डबा

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो होतो, पेन खाटेखाली गेलं होतं.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला बरा असावा. नसला तरी ते कबूल करणार नाहीत, म्हणून तुलाच विचारतो. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला थांबवतेस, पत्रात ती सोय नाही.

आमच्या शाळेतली मुलं आणि वस्तीतल्या मोठ्या माणसांचं गायनमंडळ हिवाळ्याच्या सुट्टीआधी एकत्र गातात, हे तुला माहीत आहेच. गेल्या वर्षी चार घरं कार्यक्रम अर्धा टाकून उठून गेली. देव प्रत्येक घराचा निराळा, काही घरांत तो नाहीच, आणि आमची गाणी मात्र सगळी एकाच देवाची. यंदा एकही घर उठता कामा नये, नाहीतर मंडळ बंद केलेलं बरं, असं मुख्याध्यापिकाबाईंनी मला समोर बसवून सांगितलं. त्यांचं काही चुकलं नाही. चुकलं माझं. मी वर्गाबाहेर बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला आणि वर लिहिलं, कोणतं गाणं नको ते चिठ्ठीवर लिहून टाका, सही नको. ताई, माणसाला काय हवं ते विचारलं तर तो आठवडाभर डोकं खाजवतो, पण काय नको ते विचारलं की रांग लागते. दोन दिवसांत डब्याचं झाकण बसेना.

देवाची गाणी पहिल्या मुठीतच गेली. भेटवस्तूंचं गेलं, कारण सगळ्यांच्या घरी भेटी येत नाहीत. घरी परतण्याचं गेलं, कारण काहींना परतायला घर उरलेलं नाही. (ही चिठ्ठी वाचून मी डबा जरा वेळ बाजूला ठेवला.) निदान बर्फाचं गाणं कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं वाटलं होतं, तर एका चिठ्ठीत बर्फावर घसरून मोडलेल्या मनगटाची साद्यंत हकीकत निघाली. अक्षर डाव्या हाताचं, म्हणजे आमचा पोस्टमनच. आणि सदा आनंदी राहण्याच्या गाण्याबद्दल कुणीतरी एकच शब्द लिहिला होता : का?

शेवटी उरला तो गळा तापवायचा 'आ'. तीन आठवडे आम्ही चाळीस जण नुसता आ वासून उभे होतो. मुख्याध्यापिकाबाई दारातून ऐकून म्हणाल्या, छान, यात हरकत घेण्यासारखं काही नाही. शिपाईकाकांनी मात्र, आज दातांचे डॉक्टर आलेत का, अशी चौकशी केली.

गेल्या गुरुवारी आमच्या शिंपीणबाई कोट चढवून दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. बाई फार लांबून येऊन इथं राहिल्या आहेत, आवाज भरदार, बोलणं मोजकं. म्हणाल्या, "मास्तर, मी माझं गाणं घरी ठेवून आले. म्हटलं, दुसऱ्यांची तरी ऐकायला मिळतील. तुम्ही तर सगळ्यांनाच घरी ठेवायला लावलंत. मग मी मशीनपाशीच बरी." त्यांच्यामागोमाग बसचा ड्रायव्हर टोपी शोधू लागला. खालच्या पट्टीत गाणारा आमच्याकडे तो एकटाच. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मुख्याध्यापिकाबाईंनी बंद करायच्या आधी मंडळ मीच बंद पाडत होतो. मी ओरडलो (मी ओरडत नाही, तुला ठाऊक आहे), की बसा सगळे, नकोचा हिशेब पुरे झाला, आता ज्यानं त्यानं आपल्या घरात हिवाळ्यात म्हणतात ते म्हणा.

शिंपीणबाईंनी कोट न काढताच गायलं. शब्द एकालाही कळला नाही. त्यात देव होता की नव्हता, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मग ड्रायव्हर उठला. खिडकीतल्या दिव्याचं गाणं नको, ही चिठ्ठी माझी, म्हणाला. ते त्याच्या बायकोचं आवडतं, आणि ती या वर्षी गेली. तुम्ही म्हणा, मला म्हणवणार नाही, पण रांगेत उभा राहीन, असं म्हणून तो आपल्या जागी जाऊन उभा राहिला. आम्ही म्हटलं. मी पियानोवर तीनदा चुकलो आणि कुणीही ते दाखवून दिलं नाही.

तेव्हापासून नियमच झाला. ज्याला एखादं गाणं म्हणवत नाही किंवा म्हणायचं नाही, त्यानं गप्प उभं राहायचं, बाकीचे म्हणतील. मुख्याध्यापिकाबाईंनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, उभं राहणं आणि उठून जाणं यात फरक आहे, चालेल.

तर सगळं मार्गी लागलं आहे. माझी काळजी नसावी. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. डब्यात एक चिठ्ठी अशी होती, की आई मफलर बांधताना म्हणायची ते नको. ते गाणं मंडळात कुणाला माहीतच नाही. अक्षर माझं आहे.

आणखी एक ता. क. आता सगळ्यांची गाणी झाली, माझंच राहिलं. मला पहिलंच कडवं येतं. तेवढ्यात माझा मफलर बांधून व्हायचा, मी धूम ठोकायचो आणि आई तुझ्याकडे वळायची. दुसरं कडवं कायम तुझ्या वाट्याचं. ती गेल्यापासून आपण दोघांनीही ते तोंडातून काढलेलं नाही. लिहून पाठवू नकोस, ये. म्हणवलं नाही तर माझ्याशेजारी नुसती उभी राहा. आणि गुडघ्याची चौकशी मी उगीच केली नव्हती : रांगेत एक खुर्ची मांडून ठेवली आहे.