लहान यंत्र, मोठं यंत्र आन् मधली मी

दादा, मी तुमची थोरली लेक लिहायली. माझी शाळा दुसरीपतूरच झाली, तवा अक्षराला नावं ठेवू नका. आज सकाळी नातीनं मला लय हसवलं, आन् ते तुमाला सांगितल्याबिगर चहासुदा गोड लागंना. तशी त्यात साखर कमीच घालत्यात आता, डॉक्टरनं सांगितलंय, पर ते राहू द्या. ही पोरगी तुमच्यावर गेली हाय. परवाना काढून घरूनच रेडिओवर मुलखाबाहेरच्या लोकांशी बोलती. सेट तिचा एवढासा, आवाज लांब जाईना, म्हणून तिनं जोर वाढवायचं मोठं यंत्र आणलं. मी म्हणलं, जोड की मग, वाट कुणाची बघायली? तर म्हणती, "आजी, थेट जोडलं तर माझा सेट जळंल. मधी रिले लागती, मोठ्याचा भार आपल्या अंगावर झेलणारी." मला हसूच फुटलं, आन् तुमी दिसलात. पूर्णा स्टेशनातलं आपलं क्वार्टर, तारघरातून सुटून आलेले तुमी, अंगात गंजीफ्राक, खाटेवर बसून हरभऱ्याचे डहाळे सोलायलेत.

रझाकारी संपून चार-पाच वर्सं झाली असतील. तुमी घरीच रेडिओवर बोलायचं एक लहान यंत्र बनवलं होतं. आसामातला एक माणूस तुमाला रोज ऐकू यायचा, पर तुमी त्याला न्हाई. तुमी हाका मारून मारून थकायचे, तो आपला दुसऱ्याशीच बोलायचा. माय म्हणायची, पाव्हण्याला आवतान द्यावं आन् त्यानं शेजारी जेवावं, तसं झालंय ह्यांचं. मग तुमी हैदराबादच्या जुन्या बाजारातून लष्कराचं मोठं यंत्र आणलं. लहान्यानं इशारा करायचा, मोठ्यानं चालू व्हायचं. तुमी घाईत दोन्ही थेट जोडली. मोठ्याचा करंट लहान्याच्या नाजूक पट्टीला सोसला न्हाई. पट्ट्या चिकटून बसल्या, जळका वास सुटला. मग कितीक दिवस तुमी कुणाशी धड बोललेच न्हाईत. मायच्या हातची आंबट चुक्याची भाजी, तीसुदा ताटात तशीच.

आपले आबा कानानं मंद आन् डोक्यानं तापट. माय सासऱ्याशी बोलायची न्हाई, रीतच होती तशी. पदराआडून मला हळूच म्हणायची, आबाला इचार ग, वरण वाढू का. मी ओसरीत जाऊन गरजायची. आबा खेकसायचे ते माझ्यावर, मायपतूर काही पोचायचंच न्हाई. मग एक दिवस घास हातातच धरून तुमी आमच्याकडं बघत बसलात. माय पुटपुटायली, मी वरडायली, आबा ताट पुढं सरकवायले. आन् तुमी हसायला लागलात.

"तारघरात रोज रिले बघतो आन् घरी इसरलो. ही पोरगी रिलेच हाय की आपल्या घरची."

तुमी जळकी पट्टी बदलली, मधी रिले बसवली. लहान्यानं तिला नुसतं डिवचायचं, मोठ्याचा भार तिनं आपल्या जाड पट्ट्यांवर झेलायचा. टक् झालं. तुमी हाक दिली आन् कान लावून बसलात. आन् आसामच्या माणसानं ओ दिली, दादा. तुमचं तोंड कसं झालतं तवा, ते मला आजबी रंगवून सांगता येत न्हाई. माय तर रीतच इसरली. थेट आबासमोर उभी राहून म्हणली, "मामंजी, ऐकलं का, ओ दिली त्यानं." आबांनी माझ्याकडं बघितलं आन् इचारलं, काय म्हणती ग ती?

नातीला हे समदं सांगितलं, तर तिनं आपली रिले माझ्या तळहातावर ठिवली. सुपारीच्या खांडाएवढी. मी लय वेळ धरून बसले. तुमाला दावावी वाटली.

हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा, ते नातीलाबी ठाव न्हाई, म्हणून उशीखाली घालते. एक मातर सांगते. तुमी मला रिले म्हणलात, तवा मी पोट धरून हसले होते, गल्लीभर सांगत फिरले होते. खरं तर मला ओ की ठो कळलं नव्हतं. तुमी कितीक दिवसांनी हसलात, म्हणून मी हसले. कळलं ते आज सकाळी.