हिराबाईची दुसरी भाकरी

मुरबाड, शनिवार, ऑगस्ट २००४

टोकावड्याच्या हिराबाई आज पुन्हा समुपदेशनाला आल्या. लेक गेल्यापासून त्या शेतात पाऊल टाकत नव्हत्या. दुःख जायची वाट बघू नका, ते सोबत घेऊनच लावणीला जा, असं मीच सांगितलं होतं. प्रशिक्षणात हेच शिकले होते.

त्या गेल्या. रोज फडक्यात दोन भाकऱ्या बांधून, त्यातली एक लेकीची.

मी वहीत ‘सुधारणा’ लिहीत होते, तेवढ्यात म्हणाल्या, “बाई, तुमी सांगितलं तसं केलं. लावणी उरकली. आता ती भाकर कोनासाठी बांधू?”

पुढच्या शनिवारी या म्हटलं. दुसरं काय देणार होते? घरी येऊन बसले तरी ती भाकरीच डोळ्यांसमोर. संध्याकाळी परत आणल्यावर ती कोण खायचं? विचारलंच नाही मी.