सपाट जागा

१२ मार्च, रविवार दुपार

लाडके लुडबुडे,

अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक. मामीचा गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र शाबूत आहे. दुकानात दुरुस्तीला रेडिओ फारसे येत नाहीत, त्यामुळे हात रिकामे आणि डोकं उद्योगी.

तू दिलेला आलेख दुकानात लावला होता. येईल त्याला सांगायचो, माझ्या भाचीने औषधासाठी नवं द्रव्य बनवलंय, त्याचा आहे हा. मग तू समजावलंस तसंच समजावायचो. द्रव्य मोठ्या चुंबकात ठेवायचं, रेडिओलहरी सोडायच्या. त्यातला हायड्रोजन जिथे बसलाय त्याप्रमाणे जरा वेगळं स्टेशन पकडतो. तिथे कागदावर उंचवटा उमटतो, आणि शेजारी कोण त्याप्रमाणे त्याला फाटे फुटतात. त्यावरून द्रव्याची घडण कळते. आत कचरा राहिला तर तोही आपलं स्टेशन लावून बसतो, लपत नाही. हे तुझंच वाक्य.

परवा भिंग घेऊन आलेख बघत होतो. मामी म्हणाली, "एवढं निरखून माझ्याकडे कधी पाहिलं नाहीत."

रेघ सगळीकडे बारीक थरथरते. साहजिक आहे, खरखर नसलेलं यंत्र मी जन्मात पाहिलं नाही. पण उजवीकडे बोटभर जागेत ती पट्टीने ओढल्यासारखी सपाट आहे. तेवढ्यातच का?

यंत्राची खोड असेल म्हणून तुला फोन केला. "मामा, सपाट म्हणजे चांगलंच की," म्हणालीस, आणि लगेच मामीच्या गुडघ्याची चौकशी. त्या गुडघ्यावर तुझं एवढं प्रेम कधीपासून?

फोन ठेवला आणि आलेख भिंतीवरून उतरवला. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

तिथे एक उंचवटा होता का गं? तू पुसलास का? की कुणी पुसायला लावला? मी काही रसायनशास्त्र शिकलेलो नाही. संशय खोटा निघाला तर कान पकडीन, आणि मामी जन्मभर ऐकवेल ते निमूट ऐकून घेईन.

खरा असेल तर मात्र ऐक. प्रबंध शुक्रवारी द्यायचाय, ठाऊक आहे. द्रव्यात कचरा राहिला यात लाज कसली? पुन्हा शुद्ध कर. वर्ष गेलं तर गेलं, इथे तुझं ताट वाढलेलं असेल. पण तुझ्या आलेखावर भरवसा ठेवून उद्या कुणी ते औषध म्हणून वापरून बघायला घेईल. आत आणखी काही आहे, हे त्याला कळणार कसं?

मी कुणाकडे बोललो नाही, मामीकडेही नाही.

फोन नको. फोनवर तू हसून वेळ मारून नेतेस. एकच शब्द लिहून पाठव, हो किंवा नाही. जे लिहिशील ते मी खरं मानीन, पुन्हा विचारणार नाही. म्हणून जपून लिही.

तुझा, न रागावलेला,
मामा