हो म्हणायला रकानाच नाही

थोरल्या ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? (खरं सांग. मागच्या वेळी ‘बरा आहे’ म्हणालीस आणि महिनाभर काठी घेऊन हिंडलीस.) माझी तब्येत डॉक्टरांच्या मते ठणठणीत आहे, त्यामुळे मला जास्तच काळजी वाटते.

घडलं ते असं. ओळखपत्राची मुदत संपली म्हणून नवा अर्ज भरला. माझं शिक्षण तुला ठाऊकच आहे. सातवीत गणितापुढं हात टेकले आणि शिलाई मशीन धरलं. तेव्हापासून माझा नियम एकच: कळत नाही तिथं खूण करायची नाही. अर्जाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांचा एक रकाना होता, तो नियमाप्रमाणं कोरा सोडला. पंधरा दिवसांनी कार्ड आलं, त्याच्या कोपऱ्यात एक हिरवं पान. मी समजलो, शोभेला असेल. सूनबाईनं त्याखालची बारीक अक्षरं वाचून शांतपणे सांगितलं की बाबा, तुमच्या माघारी तुमचे डोळे, मूत्रपिंडं, काळीज, सगळं गरजूंना जाणार; नको असेल त्यानं अर्जाच्या त्या रकान्यात खूण करायची होती. दोन दिवस मला घास गोड लागला नाही. ज्यानं जन्मात कुणाला कात्री उसनी दिली नाही, तो काळीज देऊन मोकळा! शिवाय बाह्या, खिसे, कॉलर काढून घेतल्यावर सदऱ्यात उरतं काय?

तिसऱ्या दिवशी खूण करायला कचेरी गाठली. खिडकीवरच्या बाई भल्या होत्या. आधी विचारून घेतलं की काढून झाल्यावर नीट शिवतात ना, की कच्चे टाके घालून सोडतात. (नीट शिवतात म्हणे. मी टाका कुठला ते विचारलं, ते त्यांना सांगता आलं नाही.) मग त्या जे बोलल्या त्यातून मी अजून सावरलेलो नाही. आमच्याकडे शंभरात जेमतेम चार जण खूण करतात. पूर्वी त्या नदीपलीकडच्या कचेरीत होत्या. तिथला अर्ज उलटा, द्यायचं असेल तर खूण करा. तिथंही खुणा चारच! ताई, जरा थांबून विचार कर. दोन्ही काठांवर माणसं सारखीच, एकमेकांच्या सोयरिकीतली, तेवढीच भली आणि तेवढीच आळशी. पण या काठाला शहाण्णव दाते आणि त्या काठाला चार. मधे फक्त छापलेली एक ओळ. मी आपला चांगुलपणा माणसाच्या पोटात शोधत होतो.

नव्या अर्जासाठी बाकावर बसलो, तर शेजारी एक बसचालक. सहा वर्षांपूर्वी त्याला परक्याचं मूत्रपिंड बसवलंय. कुणाचं, ते त्याला ठाऊक नाही. असेल कुणीतरी रकाना कोरा सोडणारा. मला राहवेना. विचारलं, “त्यानं मनापासून दिलं असेल, की नुसतं विसरून?”

तो म्हणाला, “आजोबा, ते मला कसं कळणार? पण काम मात्र मनापासून करतंय.”

त्याची दुपारची फेरी होती, तो उठून गेला. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. पेनाचं टोपण काढलं होतं, ते परत लावलं. बाईंना म्हटलं, माझं विसरून दिलेलं नको, समजून दिलेलं लिहा. हो म्हणायची खूण कुठं करू? त्या म्हणाल्या, तशी जागाच नाही, काही केलं नाही की हो. सत्तर वर्षांत पहिल्यांदा मोठ्या मनानं हो म्हणायला निघालो, तर रकाना नाही!

तुझा,
धाकटा

ता. क. बाई म्हणाल्या, त्या वेळी घरच्यांनाही विचारतात. मुलगा माझा हळवा, तो तुझ्या तोंडाकडे बघेल, आणि ‘नको’ म्हणण्यात तुझा हात कुणी धरणार नाही (माझी दोन स्थळं तूच मोडलीस). तर तेवढं एकदा ‘घ्या’ म्हण. तू सात वर्षांनी मोठी असलीस तरी आजवर सगळ्या डॉक्टरांना पुरून उरली आहेस. हे काम तुझ्यावरच येणार.

ता. क. २. तुला पत्राला उत्तर लिहायचा कंटाळा, हे मी जाणतो. म्हणून असं करू: नको असेल तरच लिही. महिनाभरात काही आलं नाही, तर मी तुझा होकार धरतो.