दोनशे रुपयांवरची सही

२ मे १९९४, सोमवार. जळगाव.
आज ओस्लोहून, म्हणजे संस्थेच्या मुख्य कचेरीतून, फॅक्स. काठमांडूला दक्षिण आशियाचा रीजनल फायनान्स हेड नेमायचा आहे. चार देश. अर्ज संस्थेतल्याच माणसांकडून. वाचता वाचता कळलं की जागा माझीच आहे, अर्ज ही केवळ औपचारिकता.
सध्या माझ्याकडे तीन कार्यक्रम : धुळ्याच्या विहिरी, झाबुआचे दवाखाने, डांगच्या शाळा. मी आलो तेव्हा जो तो आपापल्या ऑफिसात सह्या करत होता. अंदाधुंदी. मी नियम केला, दोनशे रुपयांवरचा प्रत्येक चेक जळगावला येईल आणि माझ्या सहीनेच जाईल. आज माझ्यावाचून या तीन जिल्ह्यांत खिळाही ठोकला जात नाही. ओस्लोच्या नजरेत हे आलंच असणार.
सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही काठमांडूला गेल्यावर इथे सही कोण करणार? बायकांना मोठं चित्र दिसत नाही.
संकल्प : (१) रोज इंग्रजी एक पान. (२) पहाटे मेहरूण तलावापर्यंत चालणे. (३) कुणावर चिडायचं नाही.

३ मे
चाललो नाही. पहाटेसुद्धा वारा गरम होता. इंग्रजीचं पान उद्या दोन करीन. धनसिंग ड्रायव्हरवर चिडलो, पण ते संकल्पात धरत नाही, तो जीप धूत नव्हता.

६ मे
फुले मार्केटमध्ये स्वेटर घेतला. दुकानदाराला माळ्यावर चढावं लागलं. खाली उतरून त्याने माझ्या कपाळाला हात लावायचाच काय तो बाकी ठेवला. घरी घालून बघितला. बाही बरोबर. तेवढ्यात लाइट गेली, पंखा बंद, आणि स्वेटर डोक्यात अडकला. सौ.ने ओढून काढला. हसताना दिसली.

९ मे, सोमवार
धुळ्याहून सुमनबाईंचा फोन. त्या तिथलं ऑफिस बघतात. कामसू बाई, पण शिस्त कमी. साक्रीकडचं आंबेपाडा, तिथली आपली विहीर आटली. पाऊस येईपर्यंत टँकर लावायचा, चेक पाठवा म्हणाल्या. मी म्हणालो, प्रस्ताव पाठवा, तीन प्रतींत. त्या म्हणाल्या, बाया नदीच्या पात्रात झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरतायत. मी म्हणालो, हे प्रस्तावात लिहा, प्रभावी होईल.
आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सौ. माहेरी, अमळनेरला जाणार. लग्नाला अकरा वर्षं झाली, मी एकदाही आखाजीला गेलेलो नाही. यंदा तेरा तारखेला सकाळीच पोचतो, असा शब्द दिला.

११ मे
प्रस्ताव एसटीने आला. सोबत टँकरवाल्याचं एकच कोटेशन. नियमात तीन. परत पाठवला. सुमनबाईंचं म्हणणं, त्या भागात टँकरवाला एकच आहे. मी समजावलं की ही अडचण आहे खरी, पण ती नियमाची नाही, त्या भागाची आहे.
इंग्रजीची पानं : बाकी आठ.

१२ मे
सौ. पॅसेंजरने एकटीच गेली. पिशवी मी स्टेशनपर्यंत नेणार होतो, पण निघताना फॅक्स वाजला. लुंडे बाई, म्हणजे ओस्लोच्या वित्तप्रमुख, एक-दोन दिवसांत माझ्याशी फोनवर बोलणार आहेत. वेळ दिलेली नाही. याचा अर्थ ऑफिस सोडता येणार नाही. अमळनेरला परवा जाईन. सौ. समजून घेईल, तिला सवय आहे.

१३ मे, शुक्रवार. आखाजी.
सकाळपासून फोनशेजारी. ऑफिसला सुट्टी. गल्लीत झाडाला झोके बांधलेत, पोरी गाणी म्हणतायत, मी खिडकी लावून घेतली, लाइनवर आवाज जायला नको. पाणी बेताने प्यालो, कारण संडास मागच्या अंगाला आहे आणि तिथे फोन ऐकू येत नाही. धनसिंगने घरून आमरस आणि पुरणाची पोळी आणली. फोनकडे बघत जेवलो.
दुपारी घंटा. झडप घातली. साक्रीच्या बूथवरून आंबेपाड्याचा सरपंच झुलाल. त्याला आपला नंबर कुणी दिला हे शोधायला हवं. मी त्याला सांगितलं की प्रस्ताव योग्य मार्गाने चालू आहे, फक्त सहीपर्यंत यायचाय. तो म्हणाला, "साहेब, सही तुमनाजोडे राहू द्या. आमले पानी जोयजे."
लाइन मोकळी ठेवणं गरजेचं होतं. रिसीव्हर ठेवला. बहुतेक त्याचं बोलणं संपलं होतं.

१४ मे
दिवसभर बसलो. चार वाजता अगदीच इलाज उरला नाही म्हणून मागे गेलो. परत येतो तर धनसिंग फोनजवळ अदबीने उभा. बाईचा फोन होता, इंग्रजी बोलत होती, मी "साहेब बिझी" एवढं सांगून ठेवून दिलं म्हणाला. आधी चिडलो. नंतर विचार केला, छाप वाईट पडलेली नाही.
अमळनेर : उद्या. किंवा लुंडे बाई पुन्हा बोलल्या की लगेच.

१६ मे, सोमवार
महत्त्वाचा दिवस, म्हणून सविस्तर.
सुमनबाई दुपारच्या एसटीने स्वतःच आल्या. तीन कोटेशनं आणली होती. त्यातली दोन धुळ्याची, त्यांनी खाली स्पष्ट लिहिलेलं की आमचा टँकर त्या घाटात चढत नाही. तरी कोटेशन ते कोटेशन. मी समाधान व्यक्त केलं. बाईंचा चेहरा उन्हाने काळवंडला होता. त्यांनी सांगितलं, आंबेपाड्याची भिकुबाई, म्हातारी आहे, झिऱ्यावर जाताना कड्यावरून घसरली. हात मोडला. साक्रीला नेऊन प्लास्टर घातलं.
ऐकून वाईट वाटलं. खरंच वाटलं. लगेच पेनचं टोपण काढलं. आणि फोन वाजला. लुंडे बाई.
बाईंना हाताने थांबायची खूण केली आणि नियंत्रण पद्धतीवर बोललो. कितीतरी वेळ. माझं इंग्रजी आज ओघवतं होतं, पानं न लिहिताही. लुंडे बाईंनी विचारलं, मिस्टर शालिग्राम, तुम्ही बाहेर असलात तर सही कोण करतं? मी म्हणालो, मी बाहेर नसतोच. पलीकडे बराच वेळ शांतता. प्रभावित झाल्या होत्या.
फोन ठेवला तेव्हा खुर्ची रिकामी. धुळ्याची शेवटची एसटी निघायची वेळ झाली म्हणून बाई गेल्या, असं धनसिंग म्हणाला. चेक टेबलावर, पेन शेजारी. उद्या सकाळी पहिलं काम सहीचं.

१७ मे
लाइट नाही, फॅक्स नाही, पेनातली शाई सुकली. चेक उद्या.

१९ मे, गुरुवार
धक्का. धनसिंगला चेक घेऊन धुळ्याला पाठवलं, तर तो चेक तसाच परत घेऊन आला. म्हणाला, टँकर परवापासून चालू आहे. सुमनबाईंनी टँकरवाल्याच्या घरी जाऊन नुसता शब्द दिला आणि त्याने गाडी काढली. धनसिंग मुद्दाम आंबेपाड्यापर्यंत जाऊन आला, माझ्या डिझेलवर. म्हणाला, हंड्यांची रांग शाळेपर्यंत होती पण भांडण नाही, भिकुबाई गळ्यात हात बांधून ओट्यावर बसली होती आणि पोरं टँकरखाली उघडी होऊन नाचत होती. हे तो मला असं सांगत होता जणू आपलंच काहीतरी झालंय.
मला एक क्षण बरं वाटलं. तो अशक्तपणा होता, सकाळी नाश्ता झाला नव्हता.
मेमो लिहिला. कडक. त्यातलं मुख्य वाक्य : तीन कोटेशनांची छाननी पूर्ण झालेली नसताना, माझी सही नसताना, केवळ गावात पाणी नाही एवढ्या एकाच कारणावरून आपण टँकर सुरू केलात, याचा खुलासा करावा. इंग्रजीत भाषांतर करून प्रत ओस्लोला. माझी दक्षता त्यांना ऐनवेळी दिसलेली बरी.

२४ मे
लुंडे बाईंचा फॅक्स. मेमो त्यांनी लक्षपूर्वक वाचला. सुमनबाईंनी यापूर्वी असं काही केलं आहे का, तपशील कळवावा.
चौकशी लागली. मला बाईंबद्दल वैयक्तिक आकस नाही, पण खोटं कसं लिहू? सगळं आठवून लिहिलं. ब्याण्णवला पिंपळनेरकडे हगवण लागली तेव्हा औषधं आधी आणली, कागद नंतर. पंप दुरुस्त करायला गावातलीच दोन पोरं शिकवली, आपल्या कंत्राटदाराला न विचारता. गावच्या बायकांची कमिटी करून खर्च तिच्यापुढे वाचून दाखवला, जे आपल्या कुठल्याच नियमात नाही. नावं, तारखा, साक्षीदार. शेवटी लिहिलं की या बाईंना थांबवणं कठीण आहे.
सहा पानं इंग्रजी झालं. संकल्प (१) एकदम भरून निघाला.
अमळनेरहून निरोप, न्यायला येताय का? कळवलं, चौकशी संपली की.

७ जून, मंगळवार
काठमांडूसाठी सुमनबाईंची निवड.
पत्र दोनदा वाचलं. मग उभं राहून वाचलं. लुंडे बाई लिहितात, आपण पाठवलेल्या सविस्तर माहितीचा निवड समितीला फार उपयोग झाला. खर्चाचे अधिकार गावाजवळ ठेवणारी व्यक्ती आम्हाला हवी होती. आपल्या प्रांजळपणाबद्दल आभार.
टायपिस्टची चूक असावी. खुलासा मागवणारा फॅक्स केला.

९ जून
चूक नाही.
पुढे असंही आहे की धुळे, झाबुआ आणि डांग इथले लोक पुढच्या महिन्यापासून आपापले चेक स्वतः सही करतील. मी जळगावलाच राहायचं, सल्लागार म्हणून. कसला सल्ला, ते लिहिलेलं नाही. पद मात्र वरचं वाटतं.

१६ जून
सुमनबाई निरोप घ्यायला आल्या. वाटलं मेमोचा विषय काढतील, उत्तर तयार ठेवलं होतं. काढला नाही. आंबेपाड्याच्या बायांनी दिलेली नागलीची, म्हणजे नाचणीची, पिशवी पुढे केली, म्हणाल्या यातली अर्धी वहिनींना. इतर देशांत जायला पासपोर्ट हवा, त्यासाठी त्यांना भुसावळला कुणाच्या तरी ओळखीने कागद करायचे होते. मी धनसिंग आणि जीप दिली. मोठेपणाने.
खिडकीतून बघितलं, बाई पुढच्या सीटवर बसल्या आणि धनसिंग हसत होता. तो माझ्याबरोबर कधी हसलेला आठवत नाही.

२० जून
सौ. आली. आपणहून, पॅसेंजरने, पिशवी स्वतः घेऊन. काठमांडूचं सांगितलं. म्हणाली, बरं झालं, चांगली बाई आहे. मला काय वाटलं ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण नक्की काय वाटलं ते अजून ठरवायचंय.

४ जुलै, सोमवार
आज एकही चेक नाही. बहुतेक पोस्टाचा गोंधळ.

८ जुलै
पोस्टाचा गोंधळ नाही.

१४ जुलै, गुरुवार
सकाळी काठमांडूचा फोन. इतकी वर्षं साहेब म्हणणाऱ्या सुमनबाई आज भाऊ म्हणाल्या. तिन्ही कार्यक्रमांची चौकशी माझ्याकडे करतील म्हणून मी मुद्दे काढून ठेवले होते. त्यांनी तिकडून आधीच सगळ्यांशी बोलणं केलेलं होतं. मला म्हणाल्या की तुम्ही कित्येक वर्षांत एकही सुट्टी घेतलेली दिसत नाही. मी म्हणालो, इथे मी नसलो की अडतं. त्या अगदी मायेने म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही खुशाल जा. काही अडत नाही."
त्यांनी फोन ठेवल्यावरही रिसीव्हर थोडा वेळ माझ्या हातात होता.
मग ठरवलं, आजपासूनच सुट्टी. निर्णय घ्यायला मला वेळ लागत नाही. धनसिंगला सांगून भर दुपारी बारा वाजता घरी गेलो. दाराला कुलूप. शेजारच्या आक्का म्हणाल्या, वहिनी या वेळेला रोज मंडळात शिवणाच्या वर्गावर असतात, सहा वर्षं झाली, तुम्हाला ठाऊक नाही का? मी म्हणालो, ठाऊक आहे. किल्ली माझ्याकडे नव्हती. दुपारी कधी लागलीच नाही.
पायरीवर बसलो. ऊन आलं तसा सरकलो. पुन्हा आलं. शेवटी ऑफिसला परत आलो, इथे निदान पंखा आहे.
धनसिंगने विचारलं, साहेब, काही विसरलं का?
हो म्हणालो. काय विसरलं ते आठवेना, म्हणून खुर्चीवर बसलो.