लेकीचा जबाब

ती. ताईस साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे सध्या मनातल्या मनातच घालतो, गोड मानून घे). तुझं बीपी आणि भावोजींचा खोकला आटोक्यात असेल अशी आशा करतो. मी बरा आहे, म्हणजे निवृत्तीला चौदा महिने राहिलेला हवालदार जितका बरा असतो तितका.

गेल्या आठवड्यात आम्हा बारा जणांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं होतं. विषय काय, तर लोकांशी कसं बोलावं आणि राग कसा आवरावा. (एकतीस वर्षं मी कसा बोलत होतो ते कुणी विचारलं नाही. बहुतेक माहीत असावं.) शिकवणाऱ्या बाई माझ्या निम्म्या वयाच्या. त्यांचं म्हणणं, उत्तर देण्याआधी मनात दहा आकडे मोजा, मग समोरच्याचं म्हणणं त्यालाच परत सांगा आणि त्याला काय वाटतंय ते विचारा. मी सगळं वहीत उतरवून घेतलं.

परत आलो तर चौकीत दोन शेजारी हजर. एकाच्या झाडाची पानं दुसऱ्याच्या अंगणात पडतात. एरवी मी दोघांनाही झापतो आणि दोघंही समाधानानं घरी जातात. या खेपेला दहा मोजले आणि म्हणालो, म्हणजे पानं पडल्यामुळे तुमचं मन दुखावलंय. तो म्हणाला, मन नाही, कंबर दुखतेय, झाडू मीच मारतो. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि साहेबांची तब्येत ठीक दिसत नाही, असं पुटपुटत जोडीनंच निघून गेले. आमचा जुना पाकीटमार (त्याला सगळे मांजर म्हणतात), त्याला मी हळू आवाजात विचारलं, बाबा रे, तुला आत्ता काय वाटतंय? तो पांढराफटक पडला. शिव्या घाला पण असं विचारू नका, म्हणत त्यानं माझ्या गावीही नसलेल्या दोन चोऱ्या कबूल केल्या. मोठ्या साहेबांचा फोन आला तेव्हाही मी मोजतच होतो. सातव्या आकड्याला त्यांनी फोन आपटला. थकलो गं ताई. ओरडण्यापेक्षा न ओरडायलाच जास्त जीव लागतो.

आणि प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवसाचं तर सांगायचंच राहिलं. बाई म्हणाल्या, तुम्ही घरात शेवटचं ज्याच्यावर ओरडलात तो काय म्हणाला होता, ते त्याच्याच शब्दांत लिहा. बाकीचे पेन चावत बसले. माझ्या खिशात मात्र कागदच होता. लेकीनं बँकेची नोकरी सोडल्याचं दोन महिन्यांनी सांगितलं आणि मी घर डोक्यावर घेतलं, हे तुला ठाऊक आहे. हे ठाऊक नसेल, की कधी सोडली, का सांगितलं नाही, आणखी कोणाला माहीत होतं, असं विचारता विचारता मी सवयीनं कागद ओढला, तिचा जबाब लिहून घेतला आणि खाली तिची सहीसुद्धा घेतली. सही करून तिनं बॅग भरली आणि तुझ्याकडे आली. सहा आठवडे झाले, ती माझा फोन उचलत नाही. वर्गात तो कागद उघडला. चौथ्या ओळीत आहे, "मला बाबांची भीती वाटते, म्हणून सांगितलं नाही." अक्षर माझंच. मी ते लिहून घेतलं होतं ताई, ऐकलंच नव्हतं. बाईंनी विचारलं, तुम्हाला काय वाटतंय? मी दहापर्यंत मोजलं, मग वीसपर्यंत, मग पाणी प्यायला बाहेर गेलो.

असो. भावोजींना नमस्कार.

तुझा भाऊ

ता. क. लेकीला यातलं काही सांगू नकोस. माझी बाजूही घेऊ नकोस. नोकरी सोडली तर सोडली, असं माझ्या वतीनं म्हणू नकोस (म्हणालीस तर माझी हरकत नाही).

आणखी एक ता. क. चष्मा सापडत नाही असं सांगून हे पत्र तिच्याकडून मोठ्यानं वाचून घे. (म्हणजे ही ओळही तीच वाचणार, हे आत्ता लक्षात आलं. पण एवढं सगळं पुन्हा लिहायचा कंटाळा आलाय.)

तर बाळा, जबाबाखाली "वाचून दाखवला, बरोबर आहे" अशी ओळ असते. तुझ्या सहीच्या वर मी ती लिहिली, पण वाचून काही दाखवलं नव्हतं. रविवारी दुपारी फोन करतो. उचललास तर आधी तुझा जबाब वाचून दाखवीन, चौथी ओळ दोनदा. मग तू बोल. मी कागद घेऊन बसणार नाही.