संध्याच्या सर्टिफिकेटाची मुदत

कळमनुरी,
१२ मार्च २००६

चि. रुख्मिणीस, तुझ्या थोरल्या बहिणीचा, पंचफुलाचा, जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? माझे आताशा माझ्यापेक्षा जास्त बोलून राहिले. पुण्यात सगळ्यांना माझी आठवण सांग. ज्यांना येत न्हाई त्यांना आधी सांग.

संध्याला बघायला तू धाडलेले पाहुणे आले अन् गेले. गेले म्हंजे उठून गेले. रामजीनं तुला माझ्या नावानं काय काय कळवलं असंल, म्हणून खरं काय ते मीच लिहिते (शाळा दुसरीपर्यंतच, अक्षराला हसू नको).

पोरगा धम्मदीप मास्तर बरा आहे, खाली मान घालून पोहे खातो. बोलणारा त्याचा चुलता, रामजी. त्यानं आमच्या संध्याला चालून दाखव म्हणलं, चालली. सुईत दोरा ओवायला लावला, ओवला. मग विचारलं, शिकली काय? नात माझी, मी काहून गप बसू? भिंतीवरची चौकटच उतरवून त्याच्या मांडीवर ठेवली. म्हणलं, हे नेटवर्किंगचं सर्टिफिकेट. शंभर कंप्युटर एकमेकांशी बोलते करायचे, एखादा रुसला तर कुठं रुसला ते हुडकायचं. (तू माणसांच्या सोयरिकी जुळवती, ती मशीनच्या. तिच्या टिकतात.) ह्या एका कागदावर हिंगोलीला कॉलेजात कामाला लागली, तिथं बी.एस्सी. झालेले बाप्ये तिला मॅडम म्हणतात. अन् याच्या वरची परीक्षा पास झाली की पुण्याची कंपनी घेणार, तसं लेखी आलंय.

रामजीनं चष्मा लावून खालची तारीख वाचली. "आजी, हे तर तीन वर्षांत संपतंय! असला मुदतीचा कागद काय कामाचा? अन् आधीच सांगतो, लग्नानंतर परीक्षा-बिरीक्षा जमणार न्हाई."

"संपतंय म्हणूनच भारी आहे," म्हणलं. "दर तीन वर्षांनी पुन्हा पास होऊन दाखवावं लागतं. तुमच्या मास्तरला पास होऊन किती वर्षं झाली? सहा? मग बसवा आज परीक्षेला."

अन् मास्तरला सतराचा पाढा विचारला. सतरा आठावर गाडी बसली. बायकांनी तोंडाला पदर लावले. उरलेला मी म्हणून दाखवला. जवळा बाजार गावाला कापूस तोलताना पाठ झालेला. रामजी चपला शोधायला लागला.

माझी चूक झाली असं लिहा, म्हणते सून. लिहिलं.

तुझी,
पंचफुला

ता. क. संध्याची वरची परीक्षा दोन मेला पुण्यातच आहे. एक एप्रिलच्या गाडीनं ती महिनाभर तुझ्याकडं राहायला येते. विचारत न्हाई, सांगते. पेटी भरून झाली. तिला अभ्यास सोडून भांड्याला बसवलं तर मला कळंल.

ता. क. दुसरं. चुलता अंगणात चपला शोधत होता तवा मास्तर दारात थांबला अन् संध्याला हळूच म्हणला, "तुमची परीक्षा होऊ द्या आधी. काकांना मी सांगतो." मी ऐकलं. तवा रामजीला कळव, म्हातारीचं डोस्कं फिरलंय, मनावर घेऊ नका. सोयरीक मोडू देऊ नको. फक्त तारीख दोन मेच्या अलीकडची काढू नको.